पेडलचं रबर सैल बसतंय? आधी माप घ्या, गोंदाचं नंतर बघू

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: तुमच्याकडे १९८६ ची प्रीमियर पद्मिनी आहे. क्लच आणि ब्रेकची जुनी रबरं झिजून पार गुळगुळीत झाली होती, म्हणून बाजारातून नवी जोडी आणलीत. ती जरा जास्तच सहज चढली. आता चालवताना ब्रेकचं रबर तिरकं होतं आणि क्लचचं खालच्या बाजूने निसटतं. गॅरेजवाला म्हणतो फेविक्विक टाका, एक ओळखीचे म्हणतात दोन स्क्रू मारून मोकळे व्हा. यातलं काय करू, असं तुम्ही विचारलंय.

दोन्ही नको. आणि तिसरा कुठला गोंद सांगण्याआधी थोडं मागे जावं लागेल, कारण कुठला गोंद लावायचा हा तुमचा खरा प्रश्न नाहीच. पेडलचं रबर मुळात गोंदावर बसायला बनवलेलं नसतं. त्याच्या मागच्या बाजूला चारही कडांना आत वळलेला ओठ असतो. लोखंडी प्लेट त्या खाचेत बसते आणि रबर थोडं ताणलेलं राहतं, म्हणून ते घट्ट धरतं. पकड असते ती त्या ताणाची. रबर सहज चढलं म्हणजे ताण नाही. मग ताण का नाही, हे शोधायचं. प्लेट झिजून लहान झाली असेल, रबर मोठं निघालं असेल, किंवा रबर म्हणून विकलेली वस्तू रबरच नसेल. तिन्हींचा इलाज वेगळा आहे. मी जुन्या गाड्यांचंच काम करतो, आणि ही तक्रार घेऊन येणाऱ्या गाडीत बहुतेक वेळा एकाच जागी दोन कारणं सापडतात.

त्याआधी आजचं बघा. ब्रेकचं रबर फिरत असेल तर त्या अवस्थेत गाडी बाहेर काढू नका. फिरलेल्या रबराचा कोपरा बाहेर येतो, ॲक्सिलरेटरवरून ब्रेकवर येताना बुटाची कड त्याला अडकते, किंवा दाब दिल्यावर पाय रबरासकट बाजूला सरकतो. ते पूर्ण निघालं तर पेडलखाली जाऊन बसू शकतं, आणि मग ब्रेक पूर्ण खालीच जाणार नाही. काम होईपर्यंत गाडी हलवणं भागच असेल तर दोन्ही रबरं काढून ठेवा, प्लेट पुसून कोरडी करा आणि तिच्यावर जिन्याच्या पायऱ्यांना लावतात तशी खरखरीत अँटी-स्किड टेप चिकटवा. दिसायला बरं दिसत नाही, पण हलणाऱ्या रबरापेक्षा ते कितीतरी बरं. नुसती उघडी प्लेट मात्र पावसात ओल्या चपलेखाली साबणासारखी निसटते, म्हणून टेप हवीच.

आता रबर काढलंच आहे तर आतली बाजू बघून घ्या. नुसती धूळ आणि थोडा गंज असेल तर काही नाही. पण प्लेट आणि दांडा ओलसर, तेलकट लागला, रंग फुगून सुटलेला दिसला, तर ती ओल कुठून येते ते आधी शोधा. पेडल वरून लटकणारं असेल आणि मास्टर सिलिंडरचं (पेडलचा दाब ब्रेक ऑइलला देणाऱ्या पंपाचं) मागचं सील गळत असेल, तर ब्रेक ऑइल दांड्यावरून ओघळत खाली येतं. ब्रेक ऑइल रंग खातं, रंग गेला की प्लेटला गंज धरतो. तसं असेल तर पेडल रबराचा विषय बाजूला ठेवून आधी ब्रेकचं काम करून घ्या.

प्लेट बघताना तीन गोष्टी बघायच्या. पहिली, कडा. साठ-सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या गाडीने मधल्या काळात किती वर्षं रबराविना काढली, हे मालकालाही ठाऊक नसतं. बुटाने घासून घासून प्लेटच्या कडा पातळ होतात, कोपरे गोल होतात. कोकणातली किंवा मुंबईत उघड्यावर राहिलेली गाडी असेल तर गंज आत शिरून कडा पापुद्र्यांसारख्या सुटतात. बोटाने दाबल्यावर पापुद्रा निघाला तर मूळ मापातले एक-दोन मिलिमीटर तिथेच गेले. दुसरी गोष्ट, धार. पातळ झालेली कड सुरीसारखी होते आणि रबराचा ओठ आतून कापते. जुन्या रबराच्या ओठावर सरळ, स्वच्छ चीर दिसली तर ती धारेची. कोपऱ्यात बारीक बारीक समांतर भेगा दिसल्या तर त्या वयाच्या, हवेतल्या ओझोनने ताणलेल्या रबरावर पडलेल्या. तिसरी गोष्ट, ते पेडल तुमच्या गाडीचंच आहे का. हसू नका. पस्तीस-चाळीस वर्षांत कोणीतरी भंगारातल्या गाडीचं पेडल काढून बसवलेलं असतं, आणि मग पद्मिनीचं रबर पद्मिनीत बसत नाही म्हणून आपण दुकानदाराला बोल लावतो.

म्हणून रबर गाडीच्या नावावर मागू नका, मापावर मागा. फियाट ११०० ही कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून डिलाइट म्हणून, मग प्रेसिडेंट म्हणून आणि पुढे पद्मिनी म्हणून साधारण २००० पर्यंत निघत राहिली. एवढ्या लांब काळात सुटे भाग पुरवणारे बदलले, साचे बदलले, नकला निघाल्या. शिवाय पद्मिनीची काळी-पिवळी टॅक्सी रस्त्यावर होती तोवर या रबरांना रोजचं गिऱ्हाईक होतं. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ च्या ऑक्टोबरमध्ये नोंदली गेली आणि वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ती बंद झाली. आता हौशी मालक सोडले तर मागणी कुठे आहे? पुण्यात नाना पेठेत किंवा कुर्ल्याला सीएसटी रोडवर फिरलात तर रबर मिळेल, पण ते जुन्या मालातलं आहे, नव्या साच्यातलं आहे की कोणी नमुन्यावरून काढलेलं आहे, हे विकणाऱ्यालाही सांगता येत नाही.

नमुन्यावरून काढलेलं, यात एक मेख आहे. साच्यातून बाहेर पडून थंड झालेलं रबर साधारण दीड ते दोन टक्के आकसतं. साचा बनवणारा जाणकार असेल तर तेवढं गृहीत धरून साचा मोठा करतो. पण त्याच्या हातात नमुना म्हणून दिलेलं जुनं रबर जर वर्षानुवर्षं बुटाबरोबर आलेलं इंजिन ऑइल, ग्रीस पिऊन फुगलेलं असेल, तर तो फुगलेल्या मापाची नक्कल करतो. नैसर्गिक रबर खनिज तेलात चांगलंच फुगतं. मग नवंकोरं रबर पहिल्या दिवसापासून सैल. त्यात विकणाऱ्याचंही साधलं जातं, कारण सैल रबर दुकानात चटकन चढवून दाखवता येतं आणि गिऱ्हाईक खूश होऊन जातं.

तुम्हाला व्हर्नियर (बारीक माप घ्यायचं साधन) मिळाला तर उत्तम, नाहीतर स्टीलची पट्टी चालेल. प्लेटची रुंदी, उंची आणि जाडी मोजा, पण गंज खरवडून झाल्यावर. मग रबराच्या आतल्या खाचेची रुंदी, उंची आणि खाचेची खोली, म्हणजे रबराचा पुढचा भाग आणि मागचा ओठ यांच्यामधलं अंतर. हे शेवटचं माप जवळजवळ कोणीच घेत नाही, आणि क्लचचं रबर निसटण्याचं कारण बऱ्याचदा तिथेच असतं. प्लेट झिजून तीन मिलिमीटरची उरली आणि खाच पाच मिलिमीटरची असली, तर लांबी-रुंदी बरोबर असूनही रबर पुढे-मागे डुलतं. पाय दाबलेला असतो तोवर कळत नाही, कारण दाबाने फट मिटते. पाय उचलताना ओठ कडेवरून सुटतो.

माझा अंदाज असा असतो: चांगल्या रबराची आतली खाच प्लेटपेक्षा रुंदीत आणि उंचीत दोन-एक मिलिमीटर लहान हवी. बसवताना अंगठे दुखले पाहिजेत. खाच आणि प्लेट बरोबरीची निघाली तर काम जुळवता येतं. खाच एक ते तीन मिलिमीटर मोठी असेल तरी जुळवता येतं, पण थोडी मेहनत आहे. त्याहून जास्त फरक असेल तर जुगाड करू नका. रबर बदला, नाहीतर प्लेट दुरुस्त करा.

आता ती वस्तू रबर आहे का ते बघू. एक सुई गॅसवर लाल करा आणि रबराच्या मागच्या, न दिसणाऱ्या बाजूला टोचा. सुई लोण्यात शिरावी तशी आत गेली, भोवतालचा भाग वितळून चकाकला आणि प्लॅस्टिकसारखा उग्र वास आला, तर ते पीव्हीसी, म्हणजे एक प्लॅस्टिक आहे. खरं, पक्कं केलेलं रबर वितळत नाही. ते काळं पडतं, जळतं आणि जळक्या टायरसारखा वास येतो. खिडकी उघडी ठेवून करा, आणि पीव्हीसी निघालं तर तो धूर हुंगत बसू नका, चांगला नाही.

हा फरक मी एवढा का धरून बसलोय? कारण पीव्हीसी ताणलेलं राहिलं की हळूहळू त्या ताणालाच सवय करून घेतं. घातलं त्या दिवशी घट्ट, एक उन्हाळा गेला की सैल. उन्हात उभ्या गाडीत आतलं तापमान सहज पन्नास-साठ अंशांवर जातं, त्यात पीव्हीसी मऊ होऊन पसरतं, आणि थंडीत कडक होऊन ओठ कडेवरून उठतो. खरं रबर ताण सोडतं, पण फार सावकाश. तुमच्या जोडीला किती दिवस झाले हे तुम्ही लिहिलं नाहीत. पहिल्या दिवसापासून सैल असेल तर मापाचा घोळ आहे. आधी घट्ट होती आणि मग सैल झाली, तर मला पीव्हीसीचा संशय येईल.

उकळत्या पाण्यात घालून रबर आकसतं, असं तुम्हाला कोणीतरी सांगेलच. खरं रबर असं आकसत नाही. कोमट पाण्याने ते थोडं लवचिक होतं, त्यामुळे घट्ट रबर चढवायला त्याचा उपयोग आहे. सैल रबर घट्ट करायला नाही.

आता इलाज. माझ्या क्रमाने सांगतो, म्हणजे प्लेटपासून.

प्लेटवरचा गंज वायर ब्रशने आणि पॉलिश पेपरने धातू दिसेपर्यंत काढा. कडांवर कानस फिरवून धार मोडा, बोट फिरवल्यावर कुठे टोचता कामा नये. कडा एवढ्या गेल्या असतील की वेल्डिंगने भर घालायला हवी, तर पेडल गाडीतून पूर्ण बाहेर काढूनच ते करा. डॅशबोर्डखाली वाकून, मॅट बाजूला सारून, ओल्या कापडाची आड धरून वेल्डिंग करणारे कारागीर मी बघितलेत. खाली कापूस आणि डांबरी शीट असते, वर वायरिंग असतं. बाहेर काढलेल्या पेडलवर कडेला बारीक भर घालून ग्राइंडरने मूळ मापाला आणणं हे अर्ध्या तासाचं काम आहे. भर फक्त प्लेटच्या कडेला घालायची. दांडा किंवा दांडा आणि प्लेटचा जोड यांना उगाच उष्णता देऊ नका, ब्रेकचा सगळा जोर तिथून जातो. त्या जोडाजवळ केसासारखी रेघ दिसली तर पेडलच बदला. एम-सीलने कड वाढवायचा मोह होईल. प्लेटच्या पुढच्या बाजूचे खड्डे भरायला ते ठीक आहे, पण पातळ कडेवर बसवलेलं एम-सील बुटाच्या धक्क्याने तुकडा होऊन पडतं.

मग रंग. इथे घाई केली की पुढचं सगळं बिघडतं. साधा सिंथेटिक इनॅमल मारून दुसऱ्या दिवशी वर रबरी गोंद लावला, तर गोंदातलं सॉल्व्हंट तो रंग फुगवून उचलतं आणि तुमचं रबर रंगाच्या सालीला चिकटून राहतं, प्लेटला नाही. इपॉक्सी प्रायमर किंवा हार्डनर घालून मारायचा रंग वापरा आणि तो पूर्ण वाळू द्या. घाई असेल तर प्लेटच्या पुढच्या बाजूला रंगच मारू नका, फक्त कडांना आणि मागे मारा.

आता फट भरायची. यासाठी मला सायकलच्या जुन्या ट्यूबपेक्षा सोयीचं काही सापडलेलं नाही. तिची जाडी साधारण एक मिलिमीटर असते, फुकट मिळते आणि ब्यूटाइल रबराची असेल तर लवकर सडत नाही. ट्यूब आडवी कापून बांगडीसारखे पट्टे काढा. आतली पांढरी पावडर साबणाने धुऊन टाका, नाहीतर काहीच चिकटणार नाही. प्लेटच्या मागे मधोमध दांडा असतो, त्यामुळे एकच रुंद पट्टा बसत नाही. दोन अरुंद पट्टे घ्या, एक दांड्याच्या वरच्या अंगाला, एक खालच्या. ताणून प्लेटवर आडवे चढवा. रुंदीत दोन्ही बाजूंना मिळून दोन मिलिमीटर वाढले, आणि पुढे-मागेही तेवढेच, म्हणजे खाचेच्या खोलीतली फटही भरली. उंचीत फट असेल तर प्लेटच्या वरच्या आणि खालच्या कडेवर ट्यूबचीच चिंचोळी पट्टी पंक्चरच्या सोल्यूशनने चिकटवा. ट्यूबला थोडं घासून, सोल्यूशन दोन्हीकडे लावून, वाळू देऊन मग दाबायचं, पंक्चरवाला करतो तसंच.

पट्टे चढवल्यावर गोंदाशिवाय रबर घालून बघा. ही माझ्याकडची कसोटी आहे: नुसत्या ताणावर, गोंद न लावता, दोन्ही अंगठ्यांनी पिळलं तर रबर फिरायला नको. फिरलं तर अजून फट आहे. गोंद ही फट भरणार नाही. गोंदाचं काम एवढंच की घट्ट बसलेल्या रबराचा ओठ कडेवरून उठू नये आणि आत पाणी जाऊ नये.

आणि म्हणूनच फेविक्विक नको. ते रबराला धरतं, जोरात धरतं, पण वाळल्यावर काचेसारखं कडक होतं. पेडलवर रबर दर वेळी दबतं, वाकतं. कडक थर तडकतो, एका बाजूने सुटतो, आणि तुम्हाला वाटत राहतं की चिकटलेलं आहे. शिवाय ते सेकंदात धरतं, त्यामुळे तिरकं बसलं तर सरळ करायला वेळ मिळत नाही. अराल्डाइटचंही तेच, फक्त सावकाश. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन सीलंट काहीजण भरतात. वाळताना त्यातून ॲसेटिक ॲसिड सुटतं, त्याने उघड्या लोखंडाला गंज धरतो, आणि एकदा सिलिकॉन लागलेल्या पृष्ठभागावर नंतर दुसरं काही धड चिकटत नाही.

स्क्रूचं म्हणाल तर, जिथे कारखान्यानेच बोल्टची किंवा खिळ्याची जागा ठेवलेली आहे, ती गोष्ट वेगळी. ओठाच्या रबराला भोक पाडून सेल्फ टॅपिंग स्क्रू मारला की सगळा ओढा त्या दोन भोकांवर येतो आणि रबर तिथूनच फाटत जातं. पुढे रबर झिजलं की स्क्रूचं डोकं वर येतं, आणि ओल्या तळव्याखाली ब्रेकवर नेमकं तेच येतं.

मग लावायचं काय? खऱ्या रबरासाठी फेविकॉल एसआर किंवा फेविबॉन्डच्या जातीचा रबरी गोंद पुरे. नवं रबर साच्यातून सुटावं म्हणून साच्याला काहीतरी बुळबुळीत मारलेलं असतं, ते आत राहिलेलं असतं. भांडी घासायच्या साबणाने कोमट पाण्यात धुवा, पूर्ण वाळवा, आतली बाजू जाड पॉलिश पेपरने खरखरीत करा. पीव्हीसी निघालं आणि तुम्हाला तरीही तेच वापरायचं असेल, तर हा गोंद नको. पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात घातलेलं तेलकट द्रव्य हळूहळू गोंदात उतरतं आणि गोंद च्युइंगमसारखा होतो. त्याला पीयू गोंद लागतो, चपला-बुटांच्या तळव्यांना लावतात तो. चामड्याच्या आणि चपलेच्या सामानाच्या दुकानात मिळेल. मुंबईत असाल तर कुर्ल्याजवळ ठक्कर बाप्पा कॉलनीत चपलेच्या कारागिरांकडे विचारा, ते याच गोंदावर दिवस काढतात. पण खरं सांगायचं तर पीव्हीसीवर एवढी मेहनत मी करणार नाही.

रबरी गोंदाची एक अडचण लक्षात ठेवा. तो दोन्ही बाजूंना लावून, बोटाला चिकटणार नाही इतका वाळवून मग दाबायचा असतो, आणि एकदा टेकला की सरकत नाही. पेडलचं रबर तर एका कडेवर अडकवून दुसऱ्या कडेवर ओढत सरकवावं लागतं. सगळीकडे गोंद फासलात तर अर्ध्यावर अडकेल. म्हणून फक्त मोक्याच्या जागी लावा. पाय ॲक्सिलरेटरवरून ब्रेकवर उजवीकडून डावीकडे येतो, म्हणून ब्रेकचं रबर उजव्या कडेने सोलायला लागतं. क्लचची चाल लांब असते, दाबताना तळवा रबरावरून घसरत जातो, म्हणून ते खालच्या ओठातून निसटतं. तुमचं क्लचचं रबर खालून सुटतं असं तुम्ही लिहिलंत ते यामुळेच. तेव्हा ब्रेकला उजवी कड आणि खालची कड, क्लचला खालची कड, एवढ्याच ठिकाणी गोंदाचा पातळ हात. ती कड शेवटी बसेल अशा क्रमाने रबर चढवा. ब्रेकला आधी डावी आणि वरची कड अडकवा, मग खालचा आणि उजवा ओठ बाहेर उलटा दुमडून धरा, प्लेटवर आणून सोडा. क्लचला आधी वरची कड, मग खालचा ओठ उलटा. ओठ ओढायला चमच्याचा दांडा वापरा, स्क्रू ड्रायव्हर नको, तो टोचतो. चढत नसेल तर कोरड्या कडांना सर्जिकल स्पिरिट लावा. साबण लावला तर तो आत राहतो आणि पुढे पहिल्या पावसात बुळबुळतो. गोंद लावताना गाडीची दारं उघडी ठेवा आणि सिगारेट लांब.

रात्रभर राहू द्या. सकाळी इंजिन बंद ठेवून, ज्या चपलेत किंवा बुटात गाडी चालवता तेच घालून, दोन्ही पेडल वीसेक वेळा जोरात दाबा. ब्रेकवर पाय मुद्दाम उजवीकडून घासत आणा. मग तळवा ओला करून परत तेच. एवढ्यातून ओठ उठला नाही तर मोकळ्या रस्त्यावर हळू चालवून बघा.

आतापर्यंतचं एका दमात सांगायचं तर: गळती नाही ना बघा, प्लेट साफ आणि बोथट करा, तिन्ही मापं घ्या, सुईने वस्तू ओळखा, फट ट्यूबने भरा, गोंदाविना फिरत नाही याची खात्री करा, मग मोक्याच्या कडांना गोंद.

काही गोष्टी तुमच्यावर अवलंबून आहेत. गाडी फक्त रविवारी आणि प्रदर्शनाला निघत असेल, तर जुन्या मालातलं, मूळ नक्षीचं रबर शोधून ट्यूबवर बसवणं योग्य, कारण ते पुन्हा मिळणार नाही. पण पुण्याच्या जुन्या बाजारात मिळालेलं न वापरलेलं रबर बघून हुरळून जाऊ नका. चाळीस वर्षं कपाटात पडलेलं नैसर्गिक रबर वापरलं नसलं तरी म्हातारं झालेलं असतं. कोपरा दुमडून बघा, भेगा उघडल्या तर पैसे परत घ्या. रोज चालवत असाल तर मला नक्षीपेक्षा पकड महत्त्वाची वाटते. तेव्हा मापाला जवळचं, दुसऱ्या गाडीचं असलं तरी, खरं रबर घ्या.

तुमच्यासारखे आणखी काही मालक ओळखीत असतील, तर भोसरीसारख्या एमआयडीसीतल्या छोट्या रबर मोल्डिंगवाल्याकडून एकदाच साचा करून घेण्याचा विचार करा. खर्च साच्याचा असतो, रबराचा नव्हे, त्यामुळे एकट्याला परवडत नाही. त्याला जुनं रबर नमुना म्हणून फक्त नक्षीसाठी द्या. आतलं माप प्लेटवरून घ्यायला लावा, दोन मिलिमीटर कमी धरून. माल ईपीडीएम (एक कृत्रिम रबर) सांगितलात तर ऊन आणि ओझोनला टिकेल, पण तेल-ग्रीसला ते नैसर्गिक रबरासारखंच फुगतं. गॅरेजमधून थेट गाडीत बसायची सवय असेल तर नायट्राइल, म्हणजे तेलाला टिकणारं कृत्रिम रबर सांगा.

आणि एक बारीकसं. गाडी धुवायला देता तिथे आधीच सांगून ठेवा की पेडलला काही लावायचं नाही. आतून चमकवायचं म्हटलं की पोरं डॅशबोर्डचं सिलिकॉन पॉलिश हौसेने पेडललाही मारतात. मग रबर कितीही घट्ट असो, पाय निसटतोच. लागलंच असेल तर साबणाच्या पाण्याने ब्रशने घासून काढा, दोनदा.

तुम्ही तिन्ही मापं, सुईचा निकाल आणि जोडीला किती दिवस झाले एवढं लिहून पाठवा. खाच तीन मिलिमीटरच्या आत मोठी असेल तर ट्यूबचे किती थर लागतील ते सांगतो. त्याहून मोठी निघाली तर ही जोडी परत करायच्याच तयारीने दुकानात जा, आणि जाताना प्लेटचा आकार जाड पुठ्ठ्यावर कापून बरोबर न्या. रबर त्या पुठ्ठ्यावर चढवून बघूनच घ्या.